भुलीच्या इंजेक्शनची सुई: बारीक असली की कमी दुखते का?

दाढ काढायची असो, जखमेला टाके घालायचे असोत किंवा पायाच्या अंगठ्यात रुतलेले नख काढायचे असो, बहुतेक रुग्णांचा पहिला प्रश्न एकच असतो: "डॉक्टर, इंजेक्शन दुखेल का?" आणि त्यापाठोपाठ विनंती येते, "जरा बारीक सुई वापरा हं."

ही विनंती रास्त आहे. सुईच्या जाडीचा आणि दुखण्याचा संबंध आहेच. पण भुलीचे इंजेक्शन दुखण्याची कारणे अनेक असतात आणि सुईची जाडी हे त्यांतले फक्त एक आहे. बाकीची कारणे माहीत असतील तर त्रास बराच कमी करून घेता येतो. हे महत्त्वाचे आहे, कारण केवळ इंजेक्शनच्या भीतीने अनेक जण किडलेली दाढ महिनोन्‌महिने तशीच ठेवतात, गळू घरीच दाबून फोडू पाहतात किंवा वाढणारी गाठ दाखवायलाच जात नाहीत. वाचवता आला असता असा दात मग काढावा लागतो आणि छोटा संसर्ग मोठा होतो.

जागेवरची भूल म्हणजे काय?

संपूर्ण भूल दिली की रुग्ण झोपतो. जागेवरच्या भुलीत तुम्ही पूर्ण जागे असता, फक्त शरीराचा तेवढा भाग बधीर होतो. त्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे लिग्नोकेन. त्यालाच लिडोकेन असेही म्हणतात आणि झायलोकेन या नावाने ते अनेकांना माहीत असते. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये ते तयार केले आणि १९४८ पासून ते वापरात आले.

वेदनेचा संदेश नसेतून मेंदूकडे जातो तो सोडियमच्या कणांच्या ये-जा करण्यावर. नसेच्या आवरणात त्यासाठी सूक्ष्म दारे असतात. लिग्नोकेन ही दारे काही वेळ बंद करते, त्यामुळे संदेश पुढे जात नाही. औषध उतरले की नस पूर्ववत काम करू लागते.

वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसा आधी बधीर होतात. स्पर्श आणि दाब यांची जाणीव मात्र बऱ्याचदा शिल्लक राहते. म्हणून भूल चढल्यावरही "काहीतरी ओढल्यासारखे" किंवा "दाबल्यासारखे" वाटू शकते. तसे वाटणे म्हणजे भूल लागली नाही असे नव्हे. टोचल्यासारखी तीक्ष्ण कळ आली तर मात्र लगेच सांगा.

सुईचा नंबर कसा समजून घ्यायचा?

सुईची जाडी "गेज" या मापात सांगतात. हे माप उलटे चालते: नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. याचे मूळ इंग्लंडमधल्या तार बनवण्याच्या धंद्यात आहे. तार बारीक करण्यासाठी ती लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून पुन्हा पुन्हा ओढत. जितक्या जास्त वेळा ओढली, तितका नंबर मोठा आणि तार बारीक. तेच माप पुढे सुयांना लागू झाले.

साध्या सिरिंजच्या सुयांचा बुडाचा प्लास्टिकचा भाग रंगीत असतो. त्या रंगावरून जाडी ओळखता येते:

- १८ गेज: गुलाबी, बाहेरचा व्यास साधारण १.२ मिलीमीटर. बाटलीतून औषध ओढून घेण्यासाठी.
- २१ गेज: हिरवा, ०.८ मिलीमीटर.
- २३ गेज: निळा, ०.६ मिलीमीटर.
- २४ गेज: जांभळा, ०.५५ मिलीमीटर.
- २६ गेज: तपकिरी, ०.४५ मिलीमीटर.
- २७ गेज: राखाडी, ०.४ मिलीमीटर.
- ३० गेज: पिवळा, ०.३ मिलीमीटर.

इन्सुलिनच्या सुया याहूनही बारीक, ३१ किंवा ३२ गेजच्या, म्हणजे पाव मिलीमीटरच्या आसपास असतात. तुमच्या घरी कोणी इन्सुलिन घेत असेल, तर इतक्या बारीक सुईने किती कमी टोचते हे त्यांना विचारून पाहा.

आपल्याकडे २ किंवा ५ मिलीलीटरच्या सिरिंजसोबत येणारी सुई बहुधा २३ किंवा २४ गेजची असते. २४ गेजच्या जागी ३० गेजची सुई घेतली, तर त्वचेत शिरणाऱ्या सुईचा छेद तिपटीहून लहान होतो.

इंजेक्शनमध्ये नेमके काय दुखते?

भुलीचे इंजेक्शन एकाच प्रकारे दुखत नाही. त्यात दोन वेगवेगळ्या वेदना असतात.

पहिली वेदना सुई टोचण्याची. त्वचेच्या वरच्या थरात वेदनेच्या नसांची टोके दाटीने पसरलेली असतात. सुई त्यांतून जाते तेव्हा क्षणभर कळ येते. ती तीक्ष्ण असते, पण लगेच ओसरते.

दुसरी वेदना औषध आत जाण्याची. तुम्ही जिला "आग होणे", "झोंबणे" किंवा "चुरचुरणे" म्हणता, ती हीच. ती काही सेकंद टिकते आणि अनेक रुग्णांना पहिलीपेक्षा जास्त त्रासदायक वाटते. तिची कारणे तीन आहेत:

- औषध आम्लधर्मी असते. शरीराचा पीएच साधारण ७.४ असतो. साध्या लिग्नोकेनचा ६ ते ६.५ च्या आसपास असतो आणि ॲड्रेनलिन मिसळलेल्या लिग्नोकेनचा ३.५ ते ४.५ इतका खाली असतो. बाटलीतले औषध टिकावे म्हणून ते मुद्दाम तसे बनवलेले असते.
- औषधाने आतली जागा ताणली जाते. जितके जास्त औषध जितक्या घाईने जाईल, तितका ताण जास्त.
- औषध शरीरापेक्षा थंड असते, विशेषतः फ्रिजमधून किंवा वातानुकूलित खोलीतून आणलेले असेल तर.

सुईच्या जाडीचा थेट परिणाम होतो तो पहिल्या वेदनेवर. दुसरीवर तिचा परिणाम होतो, पण आडवाटेने.

बारीक सुईने किती फरक पडतो?

त्वचेवर फरक पडतो. सुई बारीक असेल तर वेदनेच्या नसांची टोके कमी दुखावली जातात, त्वचेत शिरायला जोर कमी लागतो आणि रक्तही कमी येते. काही वेळा तर सुई शिरल्याचे कळतही नाही. म्हणूनच चेहरा, पापणी, बोटे यांसारख्या नाजूक जागी बरेच डॉक्टर २७ किंवा ३० गेजची सुई पसंत करतात.

बारीक सुईचा दुसरा फायदा फारसा माहीत नसतो. तिच्यातून औषध घाईने ढकलताच येत नाही. नळीतून द्रव वाहण्याचा भौतिकशास्त्रातला नियम असा: आतला व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच दाबाने वाहणारा द्रव सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे ३० गेजच्या सुईतून औषध आपोआपच हळूहळू जाते आणि आग कमी होते.

तोंडातल्या इंजेक्शनांचे चित्र थोडे वेगळे आहे. दातांच्या उपचारात २५, २७ आणि ३० गेजच्या सुयांची तुलना अनेक अभ्यासांत झाली आहे. कोणती सुई वापरली हे रुग्णाला न सांगता विचारले, तर बहुतेकांना फरक ओळखता आलेला नाही. तिथे सुईच्या जाडीपेक्षा देणाऱ्याचा हात, औषधाचा वेग आणि आधी लावलेली जेल यांचे महत्त्व जास्त ठरते.

मग सगळीकडे सर्वांत बारीक सुई का वापरत नाहीत?

"इन्सुलिनची सुई इतकी छान असते, तीच वापरा ना," असे काही जण म्हणतात. त्यात अडचणी आहेत:

- लांबी पुरत नाही. अतिशय बारीक सुया आखूडच बनवतात. बधीर करायची नस खोल असेल तर त्या तिथपर्यंत पोहोचत नाहीत.
- वाकण्याचा आणि मोडण्याचा धोका. खालची दाढ बधीर करताना सुई जबड्याच्या मागच्या बाजूला खोलवर न्यावी लागते. तिथे ३० गेजची आखूड सुई बुडापर्यंत खुपसली आणि रुग्णाने अचानक मान हलवली, तर सुई मोडून आत राहू शकते. म्हणून तिथे २५ किंवा २७ गेजची लांब सुई सुरक्षित मानतात.
- दिशा चुकते. बारीक सुई स्नायूंतून जाताना वळते. औषध भलत्याच ठिकाणी पडले तर भूल लागत नाही आणि पुन्हा टोचावे लागते. एका मध्यम सुईने एकदाच टोचणे हे बारीक सुईने तीनदा टोचण्यापेक्षा केव्हाही बरे.
- रक्त ओढून पाहणे अवघड जाते. औषध सोडण्याआधी सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढून सुईचे टोक रक्तवाहिनीत नाही ना, हे तपासतात. लिग्नोकेन थेट रक्तवाहिनीत जाणे धोक्याचे असते. फार बारीक सुईतून रक्त सहज येत नाही.
- औषध ढकलायला जोर लागतो. जास्त औषध द्यायचे असेल तर हात थरथरतो आणि सुई आत हलते. ते हलणेही दुखते.

थोडक्यात, डॉक्टरांनी थोडी जाड सुई निवडली असेल तर त्यामागे बहुधा सुरक्षिततेचे कारण असते.

सुईइतक्याच किंवा तिच्याहून महत्त्वाच्या गोष्टी

*औषध हळू देणे.* दुखणे कमी करण्याचा हा सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. सुई आत गेल्यावर आधी थोडेसेच औषध सोडायचे, काही क्षण थांबायचे, तेवढी जागा बधीर होऊ द्यायची आणि मग पुढचे औषध द्यायचे. कॅनडातले हाताचे शल्यचिकित्सक डोनाल्ड लालोंड यांनी रुग्णाला झोप न देता हाताच्या शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रुजवली. त्यांच्या पद्धतीत २७ किंवा ३० गेजची सुई, अतिशय सावकाश दिलेले औषध आणि सुईच्या पुढे पुढे पसरत जाणारी बधिरता यांवर भर असतो. रुग्णाला फक्त पहिली टोच जाणवावी, असा त्यांचा प्रयत्न असतो.

*बधीर झालेल्या जागेतून पुढे जाणे.* जागा मोठी असेल तर एकापेक्षा जास्त टोचण्या लागतात. दुसरी टोच आधी बधीर झालेल्या कडेतून दिली तर ती जाणवत नाही. उघडी जखम असेल तर अखंड त्वचेऐवजी जखमेच्या आतल्या कडेतून सुई घालतात. तसे कमी दुखते.

*औषधाचा आम्लपणा कमी करणे.* लिग्नोकेनमध्ये सोडियम बायकार्बोनेट मिसळले की आग बरीच कमी होते. साधारण ९ ते १० भाग लिग्नोकेनला १ भाग ८.४ टक्के बायकार्बोनेट असे प्रमाण असते. हे मिश्रण वापरण्याच्या थोडा वेळ आधीच करतात, ते फार काळ टिकत नाही. भुलीच्या प्रत्येक औषधात ते चालत नाही. उदाहरणार्थ, ब्युपिवाकेनमध्ये बायकार्बोनेट जास्त झाले तर साका बनतो.

*औषध कोमट करणे.* बाटली किंवा सिरिंज शरीराच्या तापमानाइतकी उबदार केली तरी दुखणे कमी होते.

*सुई बदलणे.* बाटलीच्या रबरी बुचातून गेलेली सुई बोथट होते. म्हणून औषध ओढायला एक जाड सुई आणि टोचायला दुसरी नवी बारीक सुई वापरणे चांगले. सुई किती बारीक आहे याइतकेच ती किती धारदार आहे हेही महत्त्वाचे.

*शेजारची त्वचा दाबणे, चिमटीत धरणे किंवा बर्फ लावणे.* आपटलेले कोपर आपण आपोआप चोळतो, त्यामागचेच हे तत्त्व. स्पर्श, दाब आणि थंडावा यांचे संदेश पाठीच्या कण्यात वेदनेच्या संदेशाची वाट काही प्रमाणात अडवतात. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हा "दारा"चा सिद्धान्त मांडला. दंतवैद्य इंजेक्शन देताना ओठ किंवा गाल हलवत राहतात, तो याचसाठी.

*आधी बधीर करणारे मलम.* लिग्नोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेले क्रीम त्वचेवर जाडसर लावून वरून प्लास्टिकची पट्टी चिकटवतात. परिणामाला सुमारे एक तास लागतो. ते ठरवून करायच्या उपचारांसाठी चांगले असते. अपघाताच्या जखमेच्या घाईत ते जमत नाही आणि उघड्या जखमेवर ते लावत नाहीत. तान्ह्या बाळांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीही लावू नका. प्रमाण जास्त झाले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते.

कोणत्या जागी किती दुखते?

*टाळू आणि हिरड्या.* टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते. औषध पसरायला जागाच नसते, म्हणून तिथले इंजेक्शन जास्त दुखते. वरच्या दाताच्या गालाकडच्या बाजूला मात्र कातडी सैल असल्याने त्रास कमी होतो. जागा कोरडी करून बधीर करणारी जेल एक-दोन मिनिटे लावून ठेवली तर टोच कमी जाणवते.

*बोटांची टोके, तळहात, तळपाय.* इथे नसा दाट आणि त्वचा जाड असते. म्हणून शक्य असेल तर थेट टोकाला न टोचता बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन पूर्ण बोट बधीर करतात. नखुरडे किंवा रुतलेले नख यांसाठी बहुधा हीच पद्धत वापरतात.

*गळू आणि सुजलेली दाढ.* संसर्ग झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, त्यामुळे औषध नसेत नीट शिरत नाही. सुजेने ताणलेली जागा आधीच ठणकत असते. भूल कमी लागण्याचे हे खरे कारण आहे. "माझ्या अंगाला भूलच लागत नाही" असे समजू नका. अशा वेळी डॉक्टर सुजेपासून दूर, नसेच्या मुळाशी इंजेक्शन देतात किंवा आधी औषधाने सूज कमी करतात.

*पाठीतले इंजेक्शन.* सिझेरियन, हर्निया अशा शस्त्रक्रियांसाठी मणक्यात भूल देतात. तिथे सुईच्या जाडीचे महत्त्व वेगळेच आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला पडलेल्या छिद्रातून पाणी झिरपत राहिले, तर पुढचे काही दिवस उठून बसल्यावर डोके खूप दुखते आणि आडवे झाल्यावर कमी होते. सुई बारीक, म्हणजे २५ ते २७ गेजची, आणि पेन्सिलच्या टोकासारखी असेल तर ही डोकेदुखी बरीच कमी वेळा होते. सुई लांब असली तरी घाबरू नका, त्याआधी त्वचा बारीक सुईने बधीर करतात. शस्त्रक्रियेनंतर अशी डोकेदुखी झाली तर भूलतज्ज्ञांना जरूर कळवा, तिच्यावर उपचार आहेत.

लहान मुलांसाठी

- "अजिबात दुखणार नाही" असे सांगू नका. दुखले की मुलाचा तुमच्यावरचा आणि डॉक्टरांवरचा विश्वास उडतो. "थोडे टोचेल, मग ती जागा झोपून जाईल" असे सांगा.
- "ऐकले नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" अशी धमकी घरात कधीच देऊ नका. पुढच्या प्रत्येक इंजेक्शनचा त्रास त्याने वाढतो.
- मुलाला झोपवून दाबून धरण्यापेक्षा मांडीवर बसवून कुशीत धरा. सुई दिसणार नाही असे बसा.
- गोष्ट, गाणे, फुगा फुगवणे, मोबाइलवरचा व्हिडिओ यांतले जे चालेल ते चालू ठेवा. मोठी माणसे घाबरली की मूल जास्त घाबरते, म्हणून घरातल्या सर्वांत शांत माणसाने सोबत जावे.
- दातांच्या उपचारानंतर बधीर ओठ किंवा गाल मूल चावते आणि जखम करून घेते. बधिरता जाईपर्यंत लक्ष ठेवा, खायला देऊ नका.

सुई बघून घेरी येत असेल तर

सुई किंवा रक्त पाहून काही जणांचा रक्तदाब एकदम उतरतो. घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कोसळतो. यात लाजण्यासारखे काही नाही, पण आधी सांगणे गरजेचे आहे. इंजेक्शन आडवे होऊनच घ्या. उपाशीपोटी जाऊ नका, अर्थात डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितले नसेल तरच. घेरी आल्यासारखे वाटू लागले तर हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद आवळा, मग अर्धा मिनिट सैल सोडा, असे चार-पाच वेळा करा. त्याने रक्तदाब टिकायला मदत होते. ज्या भागात सुई जाणार आहे तो भाग मात्र सैल ठेवा.

इंजेक्शनआधी डॉक्टरांना काय सांगाल?

- पूर्वी भुलीच्या इंजेक्शनने काही त्रास झाला होता का, आणि नेमका काय. नुसती छातीत धडधड झाली असेल तर ती बऱ्याचदा ॲड्रेनलिनमुळे किंवा भीतीने झालेली असते. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार दुर्मीळ आहे.
- हृदयाचा, यकृताचा आजार, फिट्स, रक्तदाब, थायरॉइड यांपैकी काही आहे का.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- गरोदर आहात का, किंवा बाळाला अंगावर पाजता का.
- चालू असलेली सर्व औषधे. गोळ्यांची पाकिटेच सोबत नेलीत तर उत्तम.

डॉक्टरांना काय विचारता येईल?

नम्रपणे विचारलेल्या प्रश्नांचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही:

- "या जागी बारीक सुई चालेल का?"
- "औषध जरा सावकाश द्याल का? मी हलणार नाही."
- "आधी जेल किंवा क्रीम लावता येईल का?"
- "दुखले तर मी हात वर करीन, मग थोडे थांबाल का?"

शेवटचा प्रश्न विशेष उपयोगी आहे. थांबवण्याची सोय आपल्या हातात आहे हे माहीत असले की भीती कमी होते आणि भीती कमी झाली की वेदनाही कमी जाणवते. सुई आणि सिरिंज नवी, पाकीटबंद आहे ना, हे विचारण्याचाही तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

इंजेक्शननंतर

लिग्नोकेन त्वचेखाली दिल्यावर दोन-तीन मिनिटांत जागा बधीर होऊ लागते. खालच्या जबड्याची मोठी नस बधीर व्हायला जास्त वेळ लागतो. घाई करू नका. टोकदार वस्तूने तपासून "आता कळ येत नाही" अशी खात्री झाल्यावरच काम सुरू व्हावे. बधिरता साधारण एक ते दोन तास टिकते, ॲड्रेनलिन मिसळले असेल तर आणखी जास्त. दातांच्या उपचारानंतर ओठ दोन ते पाच तास जड राहू शकतो. तोपर्यंत गरम चहा पिऊ नका. बधीर भागाला चटका बसला तरी कळत नाही.

टोचलेल्या जागी किंचित सूज, काळानिळा डाग किंवा दोन दिवस दुखरेपणा राहू शकतो. तो आपोआप जातो.

ही लक्षणे दिसली तर लगेच सांगा

- इंजेक्शन दिल्यावर लगेच किंवा काही मिनिटांत तोंडाभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज, जीभ जड होणे, गुंगी, थरथर. औषध रक्तात जास्त गेल्याची ही सुरुवातीची चिन्हे असू शकतात.
- अंगावर गांध्या, ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे.
- दुसऱ्या दिवशीही बधिरता न जाणे.
- दोन-तीन दिवसांनी सूज, लाली, ठणका वाढणे, पू येणे किंवा ताप येणे.

घरी आल्यावर श्वास लागला, शुद्ध हरपली किंवा फिट आली तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सिरिंज मोठी असली की जास्त दुखते का?*
सिरिंजच्या आकाराने टोचण्याचे दुखणे ठरत नाही, सुईने ठरते. उलट लहान सिरिंजमधून औषध थोडे थोडे सोडण्यावर चांगला ताबा राहतो.

*सलाइनची सुई जाड का असते?*
सलाइन आणि रक्त चढवण्यासाठी शिरेत बसवायची नळी १८ ते २२ गेजची असते, कारण तिच्यातून जास्त द्रव वेगाने जावा लागतो. भुलीच्या इंजेक्शनशी तिची तुलना करू नका.

*छोट्याशा टाक्याला भूल न घेता सहन करावे का?*
एक टाका घालायलाही सुई दोनदा त्वचेतून जाते. बहुतेक वेळा भूल घेतलेलीच बरी, जखम नीट साफही करता येते. काही लहान, सरळ जखमा डिंकासारख्या औषधाने किंवा पट्टीने बंद करता येतात. तुमच्या जखमेला ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

*भूल दिल्यावरही दुखले तर सहन करावे का?*
नाही, लगेच सांगा. आणखी औषध देता येते. फक्त वजनानुसार औषधाची कमाल मर्यादा असते, म्हणून किती द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील.

लक्षात ठेवा

गेजचा नंबर मोठा म्हणजे सुई बारीक. बारीक सुईने टोच कमी जाणवते, पण औषधाची आग कमी होते ती सावकाश देण्याने, औषध कोमट असल्याने आणि त्याचा आम्लपणा घटवल्याने. खोल जागी थोडी जाड सुई जास्त सुरक्षित असते. टोचण्याचा त्रास काही सेकंदांचा असतो. टाळलेल्या उपचाराचा त्रास मात्र वाढत जातो. तुमची भीती डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांच्याकडे त्यावर उपाय असतात.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार योग्य सल्ल्यासाठी तुमच्या डॉक्टरांना भेटा.*